किती पॉइंट पाहिले?

हिवाळ्यात तुमच्या शाळेची सहल कुठे ना कुठे गेली असेलच. परत आल्यावर घरच्यांनी तुम्हाला काय विचारले? "किती पॉइंट पाहिले?" असेच ना? आणि तुम्हीही बोटे मोजत सांगितले असेल : इको पॉइंट, पॅनोरमा पॉइंट, लुईझा पॉइंट, सनसेट पॉइंट... सहलीचे मोजमाप करण्याची ही आपली जुनी रीत आहे. या रीतीविरुद्ध माझी तक्रार आहे. ती मी तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडणार आहे. मात्र तक्रार करणारा स्वतःही या गुन्ह्यात सामील होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

२०१६ सालच्या डिसेंबरात अकरावीच्या चाळीस मुलांना घेऊन मी माथेरानला गेलो होतो. खिशात बारा पॉइंटांची यादी होती, कोणत्या पॉइंटला किती मिनिटे याचा हिशेबही होता. दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारी आणि पुढे लाल मातीच्या वाटेने, दोन्ही बाजूंच्या दाट झाडीतून, आमची वरात धावत होती. दुपारी एक मुलगा वाटेत थांबला आणि खाली बघत म्हणाला, "सर, पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या आहेत, मग जमिनीवरचे कवडसे गोल का?"

मी काय उत्तर दिले असेल? "चल पुढे, सूर्यास्त चुकेल!"

आम्ही सूर्यास्त गाठला. बाराच्या बारा पॉइंट झाले. फोटो निघाले. तो प्रश्न मात्र वाटेवरच राहिला. खरे सांगायचे तर, त्या क्षणी मला त्याचे उत्तर सुचलेच नव्हते. सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाची आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती. पण झाडाखाली उभा असताना ती मला आठवली नाही. पुढे २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसले. आमच्या सोसायटीच्या आवारात, ढगांतून ऊन जरा मोकळे झाले तेव्हा, बदामाच्या झाडाखाली फरशीवर पाहतो तो काय, एकूण एक कवडसा चंद्रकोरीसारखा! तेव्हा कुठे मला त्या मुलाचा प्रश्न आठवला आणि उत्तरही लख्ख दिसले. तोवर तो मुलगा कॉलेजातून बाहेर पडला होता. शास्त्र शाखा त्याने बारावीनंतर सोडली, असे नंतर कळले. त्याचा दोष माझ्या त्या एका वाक्यावर टाकण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण ते वाक्य मी बोलायला नको होते.

आता उत्तर पाहू, कारण ते फार सुंदर आहे. पानांमधली फट हे सूचिछिद्र आहे आणि जमीन हा पडदा. सूर्य हा काही एक बिंदू नव्हे. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाएवढी तबकडी व्यापतो. फटीतून येणारे किरण खाली येईपर्यंत पसरतात आणि जमिनीवर सूर्याचीच प्रतिमा उमटवतात. फट त्रिकोणी असो की फाटकी, प्रतिमा सूर्याच्या आकाराची. म्हणूनच ग्रहणात कवडशांच्या कोरी झाल्या. सूर्य कलता असेल तर प्रतिमा जमिनीवर तिरपी पडून लांबट होते, एवढेच. मात्र यात एक अट आहे : फट पडद्यापासून पुरेशी दूर हवी. एका कागदाला सेंटिमीटरभर मापाचे त्रिकोणी भोक पाडा आणि तो जमिनीपासून हातभर उंचीवर धरा, त्रिकोणच दिसेल. तोच कागद दुसऱ्या मजल्यावरून धरा, कवडसा गोल होईल. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात हा प्रश्न आलेला आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने दोन हजार वर्षांहून जुना प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा शोधून काढला होता आणि मी त्याला पुढे ढकलले होते!

शिवाय हा कवडसा नुसता बघण्याची वस्तू नाही, मोजण्याची आहे. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. तेव्हा कवडशात एक वही किरणांना काटकोनात धरा आणि तबकडीचा व्यास पट्टीने मोजा. समजा, तो ८ सेंटिमीटर आला. त्याला १०८ ने गुणा : ८६४ सेंटिमीटर. तुमच्यावर प्रकाश सोडणारी फट किरणांच्या दिशेने साडेआठ मीटरांहून थोडी दूर आहे! झाडावर न चढता आणि मोजपट्टी वर न नेता तुम्ही झाडीची उंची अंदाजली. माथेरानच्या रानात अंजनीची झाडे भरपूर आहेत. तिची पाने लहान आणि दाट असतात, त्यामुळे कवडशांची तिथे नुसती रेलचेल असते. जांभळाखाली, हिरड्याखालीही ते दिसतील. वरून एखादे शेकरू फांदी हलवून गेले की सगळ्या तबकड्या एकदम थरथरतात. धावणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, शाळेच्या सहलीत डोंगर निदान एका बाजूने तरी पायी चढावा, आणि पॉइंटांची यादी बारावरून दोनवर आणावी.

माथेरान यासाठी उत्तम जागा आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, असे त्या नावाचे फोड करून सांगतात. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला आणि नंतर तिथे हवा खाण्याचे गाव वसले. आजही गावात खाजगी मोटारींना प्रवेश नाही. केंद्र सरकारने २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. समुद्रसपाटीपासून गाव सुमारे ८०० मीटर उंच आणि पायथ्याचे नेरळ अवघे ४० मीटर. म्हणजे आपल्याला ७६० मीटर वर जायचे आहे.

ही उंची गाठायला आपली छोटी गाडी काय करते पाहा. १९०७ साली अब्दुल हुसेन पीरभॉय यांच्या प्रयत्नाने सुरू झालेल्या या दोन फुटी रुळांची लांबी सुमारे २१ किलोमीटर आहे. पक्ष्याला जे अंतर थोडके, त्यासाठी गाडी डोंगराभोवती वळसे घेत बसते. का? तर रूळ आणि चाक दोन्ही लोखंडाची, घर्षण थोडे. चढ तीव्र केला तर चाके जागीच फिरतील. सर्वांत कठीण जागी चढ २० मीटरांना १ मीटर असा आहे. सरासरी काढली तर २८ मीटरांना १ मीटर पडते. उतरणीचा धडा तुम्ही पाठ केला असेल : अंतर वाढवा, बल कमी लागेल. हा धडा तिथे डोंगरावर कोरून ठेवलेला आहे. २०१९ च्या पावसाळ्यात हे रूळ ठिकठिकाणी वाहून गेले आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, यावरून तो डोंगर पावसात किती सैल होतो तेही समजते. पायी जाणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे आणि पावसाळ्यात तिकडे फिरकू नये.

आता तुमच्या पायांचा हिशेब. तुमचे वस्तुमान ४५ किलोग्रॅम धरू. ४५ गुणिले ९.८ गुणिले ७६०, म्हणजे सुमारे ३ लाख ३५ हजार ज्यूल. आकडा भला मोठा वाटतो. पण उष्मांकात मांडला तर तो फक्त ८० किलोकॅलरी होतो, एका लहान पोळीत साधारण तेवढी ऊर्जा असते! एक पोळी खाऊन माणूस माथेरान चढेल काय? मुळीच नाही. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामाला लावतात. म्हणजे चार पोळ्या हव्यात, आणि त्यांपैकी तिघींची ऊर्जा उष्णता होऊन अंगातच उरते. सुमारे १० लाख ज्यूल! ही उष्णता बाहेर पडली नाही तर आपण तापाने फणफणू. म्हणून घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. वाऱ्याने होणारी मदत सोडून दिली, तर १० लाख ज्यूल बाहेर काढायला चारशे ग्रॅमांहून थोडा अधिक घाम वाळावा लागेल. पाण्याची बाटली का न्यायची, याचे उत्तर "आई म्हणाली म्हणून" एवढेच नाही. आणि अप्रकट उष्मा हा शब्द ज्यांना परीक्षेपुरता पाठ करावा लागतो, त्यांनी घामेजल्या अंगाने झाडीतल्या झुळुकीसमोर एकदा उभे राहावे.

ती बाटलीही टाकू नका. वर पोहोचल्यावर रिकामी करून तिचे बूच घट्ट लावा आणि तशीच खाली आणा. नेरळला पिशवीतून काढाल तेव्हा ती पोटाशी चेपलेली असेल. कोणी चेपली? हवेने. वर हवेचा दाब नेरळपेक्षा सुमारे ८ टक्के कमी असतो. पाऱ्याचा स्तंभ तिथे सहा सेंटिमीटरांहून थोडा जास्त खाली उतरलेला असतो. तापमान सारखे धरले तर लिटरभर हवा खाली येईपर्यंत ८० मिलिलिटरने आक्रसते. उलट, खालून नेलेले वेफर्सचे बंद पाकीट वर टम्म फुगते. (ते फार वेळ हातात मिरवू नका. माथेरानच्या माकडांना हा प्रयोग आपल्याहून चांगला माहीत आहे.) वरच्या चहाच्या टपरीवर पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. काही मोबाइल फोनमध्ये वायुभारमापक बसवलेला असतो. तो असेल तर दर अर्ध्या तासाला दाब टिपा आणि घरी येऊन आलेख काढा. आलेखात तुम्ही विश्रांतीसाठी कुठे बसलात तेसुद्धा दिसेल.

तापमानाची गोष्ट जरा वेगळी आहे. ती मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तिथे आमची फजिती झाली. २०२२ नंतर मी दर हिवाळ्यात थोड्या मुलांना घेऊन नेरळहून पायी चढतो. पहिल्या वर्षी निघण्यापूर्वी मी मोठ्या ऐटीत सांगितले, "दर किलोमीटरला तापमान सहा-सात अंशांनी उतरते, तेव्हा वर पाच अंश कमी भरतील." पहाटे सहाला नेरळ स्टेशनापाशी तापमापक १८ अंश दाखवत होता. सव्वानऊला वर पोहोचलो. तापमापक पाहिला : २१ अंश! मुले माझ्याकडे आणि मी तापमापकाकडे पाहू लागलो. "सर, पुस्तक चुकलं का?" एका मुलीने विचारले.

या वेळी मला कुठलाही सूर्यास्त गाठायचा नव्हता. आम्ही झाडाखाली बैठक मारली. आधी एक मुलगा म्हणाला की, आपण सहाचे नेरळ आणि सव्वानऊचे माथेरान यांची तुलना करतो आहोत. मध्ये सूर्य उगवला त्याचे काय? बिनतोड मुद्दा. मग दुसरी गोष्ट निघाली. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिच्यालगतची हवा थंड होते, आणि थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे पहाटे तळ गार आणि माथा उबदार, असा उलटा प्रकार घडू शकतो. पॅनोरमा पॉइंटवरून सकाळी दरीत दुधासारखे धुके भरलेले दिसते, ते याच थंड हवेत गोठून बसलेले असते. म्हणजे पुस्तक चुकले नव्हते. आम्हीच त्याला चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न विचारला होता. पुढच्या वर्षी आमचे एक सहकारी नेरळलाच थांबले आणि दर अर्ध्या तासाला सावलीतले तापमान फोनवरून कळवत राहिले. दुपारी बाराला खाली ३० आणि वर साडेपंचवीस. तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोगशाळेत दिलेल्या उत्तराशी उत्तर जुळले म्हणून टाळ्या वाजवणारी मुले मी आजवर पाहिलेली नाहीत.

टाळ्यांवरून आठवले. दोन पॉइंट ठेवा म्हणालो, त्यांतला एक इको पॉइंट. तिथे गेलेली बहुतेक मंडळी जीव खाऊन ओरडतात आणि निघून जातात. तुम्ही टाळी वाजवा. प्रतिध्वनी ऐकू येईल त्याच क्षणी पुढची टाळी, असा ठेका धरा. ठेका बसला की दहा टाळ्यांच्या अंतरांचा वेळ मोजा. समजा १२ सेकंद लागले, तर एका खेपेला १.२ सेकंद. २५ अंशांना ध्वनी सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ४१५ मीटर, आणि समोरचा कडा सुमारे २०८ मीटरांवर. दहा का मोजायच्या, एकच का नाही, याचा विचार तुमचा तुम्ही करा. दुसरा पॉइंट कोणता ते तुमच्या वर्गाने मत घेऊन ठरवावे.

आता आक्षेपांकडे वळू. शिक्षक बंधुभगिनी मला हमखास विचारतात : जबाबदारी कोणाची? प्रश्न रास्त आहे. साठ मुले घाटरस्त्याने नेणे हा वेडेपणा होईल. मोटारी वर-खाली करत असतात. वीस मुले, दोन शिक्षक, पहाटेची वेळ, रस्त्याच्या एका कडेने एकामागे एक, आणि कड्याच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकणाऱ्याला पुढच्या सहलीची बंदी, असे मी करतो. याहून मोठ्या तुकड्या मी नेत नाही. कोणाला दम्याचा त्रास असेल, कोणाला चालणे जमत नसेल, तर तो गाडीने वर येतो आणि वरचा तापमापक त्याच्या ताब्यात असतो. आमच्या नोंदवहीतल्या सर्वांत नेटक्या नोंदी अशाच एका विद्यार्थ्याच्या आहेत.

दुसरा आक्षेप असा : आता वर विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या आहेत, मग मुलांना कशाला दमवायचे? इथे मात्र दोन गोष्टींची गल्लत होते. माथेरानमध्ये वर्षानुवर्षे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. सत्तर किलोग्रॅमच्या प्रवाशाला एक मीटर उंच न्यायला ६८६ ज्यूल लागतात. त्यात रिक्षाचा भार, ओढणाऱ्याचा स्वतःचा भार आणि खडबडीत वाटेचे घर्षण मिळवा. ही सगळी ऊर्जा एका गरीब माणसाच्या पोळीतून यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला आणि तिच्या जागी ई-रिक्षा देण्यास सांगितले. हे फार पूर्वी व्हायला हवे होते. म्हातारी माणसे, आजारी माणसे, ओझी, रोज शाळेत जाणारी गावातली मुले, यांच्यासाठी ती रिक्षा खुशाल धावू दे. पण वर्षातून एकदा रान बघायला आलेल्या चौदा वर्षांच्या धडधाकट मुलाने तिच्यात का बसावे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. आणि बसणारे वाढले की रिक्षा वाढतील, रिक्षा वाढल्या की वाट रुंद हवी, आणि वाट रुंद करायची म्हणजे जांभ्या दगडावरच्या त्या पातळ मातीत तग धरलेली झाडे जाणार. मग कवडसे कुठले?

तिसरा आक्षेप पालकांचा असतो : एवढे पैसे भरले आणि मुलाने दोनच पॉइंट पाहिले? त्यांना तुम्हीच उत्तर द्या. नोंदवही पुढे करा.

येत्या हिवाळ्यात तुमच्या शाळेत सहलीची सूचना फिरेल, तेव्हा वर्गशिक्षकांना हे पान दाखवा आणि तीन वस्तू मागा : एक तापमापक, एक सेंटिमीटरची पट्टी आणि एक कोरी वही. माथेरान दूर पडत असेल तर तुमच्या गावाजवळची कोणतीही झाडीची टेकडी चालेल. शंभर मीटरांच्या चढालाही बाटली किंचित चेपते, नीट पाहिले तर. आणि वाटेत कोणी मध्येच थांबून खाली बघत काही विचारू लागला, तर त्याच्या मागच्यांनीही थांबावे. आमच्या गटात आता तो नियमच आहे. त्यामुळे गेल्या खेपेस आम्हाला सूर्यास्त पाहता आला नाही. परतताना अंधार पडू लागला होता, आणि एक मुलगी विचारत होती की, लाल मातीची वाट संध्याकाळी काळी का दिसते, आणि तिच्या कडेची हिरवी पाने मात्र अजून उजळ कशी. मला ठाऊक होते, पण मी सांगितले नाही. तुम्हीही एकदा संध्याकाळी बघा.